बोअर आरशासारखा चमकतोय? मग इंजिन जोडू नका

रविवारी दुपारी भाचा टेम्पोतून जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक घेऊन आमच्या पडवीत आला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. ताडपत्री बाजूला करून म्हणाला, "मामा, बोअर कसो आरशासारखो चमकता बघ!" बोअर म्हणजे ब्लॉकमधली ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती गोल पोकळी, आणि ती खरंच चमकत होती. बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

हे इंजिन त्याने दोन वर्षं पैसे साठवून कामाला काढलंय. पावसाळ्यात चिखलातल्या ऑफ-रोड स्पर्धांत गाडी उतरवायची, इंजिन सात हजार आरपीएमपर्यंत न कुरकुरता फिरायला हवं, एवढीच त्याची इच्छा. कुडाळच्या एका वर्कशॉपने ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि बॅलन्सिंग (फिरत्या भागांची वजनं जुळवणं) धरून मशीनिंगचे २४ हजार सांगितले होते. तिथे त्याला मीच पाठवलं होतं. मग त्याच्या ग्रुपवर "इंजिनकामात लेथवाले कसे लुटतात: ७ गोष्टी" हा मेसेज आला. पोराने वर्कशॉपमधून ब्लॉक उचलला आणि दुसरीकडून साडेसहा हजारांत बोअर करून आणला.

तो मेसेज मलाही चार ठिकाणांहून आलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात देतो. बोअर आरशासारखा गुळगुळीत हवा, होनिंग (बोअर दगडांनी घासून शेवटचं माप देणं) म्हणजे पैसे घेऊन मारलेले ओरखडे, ते घरी एमरी पेपरने करा. बोअर कापून मोठा करायचाच तर थेट शेवटच्या, सगळ्यात मोठ्या साइजला करा, ताकद वाढते. हेड जितकं फेस कराल, म्हणजे खालून कापाल, तितका पिकअप. बॅलन्सिंग म्हणजे फसवणूक. ब्लॉक धुण्याचे पैसे देऊ नका. क्रँक ग्राइंड करायला सांगतात ती लूट. आणि सगळ्यात शेवटी, मशीनिंगचे दहा हजारांवर कोणी मागितले तर उठून चालू लागा.

मी वेंगुर्ल्यात बावीस वर्षं ट्रॉलरची आणि जीपची इंजिनं बांधतोय. आजवर असल्या मेसेजना उत्तर दिलं नव्हतं. पण आता नुकसान घरातच झालंय.

आधी तो आरसा. पिस्टनवरची नवी रिंग आणि नुकताच कापलेला बोअर यांची पहिल्या काही तासांत एकमेकांशी ओळख व्हावी लागते. होनिंगच्या दगडांनी बोअरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उठतात. त्या रेषांच्या खाचांत ऑइल थांबतं आणि त्यांचे माथे रिंगबरोबर झिजून दोघांची बैठक जमते. भिंत काचेसारखी असली की ऑइलला थांबायला जागा नाही आणि रिंगला घासायला काही नाही. रिंग नुसती घसरत राहते. मग ऑइल वर चढून जळतं, गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि नव्याकोऱ्या इंजिनातून निळा धूर येतो. हे ज्याने अनुभवलंय तो असला आरसा बघून खूश होणार नाही.

एमरी पेपरचा दुसरा दोष याहून मोठा. हाताने घासताना हात बोअरच्या आकाराच्या मागे जातो. बोअर वर रुंद असेल तर रुंदच राहतो, शिवाय एमरीची पूड बिडात रुतते आणि नंतर रिंग खाते. होनिंग मशीनचे दगड ताठ असतात, म्हणून वर-खाली होताना ते सरळ आणि गोल कापतात. त्याचसाठी बोअर करताना शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी मुद्दाम शिल्लक ठेवतात.

मी बोअर गेज काढला. भाच्याला मायक्रोमीटर दिला आणि पिस्टन मोजायला लावला, स्कर्टवर म्हणजे खालच्या भागावर, पिस्टनच्या पिनच्या काटकोनात. ७४.२२ मिलिमीटर. मग एकेका सिलिंडरमध्ये वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये वर ७४.३१, खाली ७४.२६. गेज खाली उतरवताना काटा फिरतो तो त्याने स्वतः बघितला. वर ९ शतांश मिलिमीटर क्लिअरन्स (मोकळी जागा), खाली ४. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पिस्टन आणि बोअर यांच्यात ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर सांगितलंय. आपल्या मेकॅनिकच्या भाषेत पाऊण ते दीड थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथे वरच्या बाजूला साडेतीन थाऊ! थंड इंजिनात पिस्टन खडखडणार, गरम झाल्यावरही सरळ चालणार नाही.

ते मॅन्युअल मी वर्कशॉपच्या भिंतीला दोरीने बांधून ठेवलंय. ज्यांच्या हातात या इंजिनाचं काम आहे त्यांनी ते आधी वाचावं, मेसेज नंतर. त्यात हेही लिहिलंय की चारपैकी एक सिलिंडर जरी बोअर करावा लागला तरी चारही एकाच पुढच्या साइजला न्यायचे. आणि कंपनीचे मोठे पिस्टन दोनच साइजचे, मूळ मापाहून ०.२५ आणि ०.५० मिलिमीटरने मोठे.

"थेट शेवटच्या साइजला जा" हा सल्ला किती घातक आहे ते इथे कळतं. ताकद वाढते म्हणे! हिशोब करा. ७४ मिलिमीटरचा बोअर, ७५.५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर, म्हणजे १,२९९ सीसी. बोअर ७४.५० केला की सुमारे १,३१६. सिलिंडरमागे साडेचार सीसीसुद्धा वाढत नाहीत, औषधाचा चमचा त्याहून मोठा असतो. एवढ्यासाठी पुढच्या वेळची शिल्लक आजच कापून टाकायची? भाच्याच्या ब्लॉकला आता तेच करावं लागणार आहे, कारण ०.२५ चा माल त्या आरशाने खाल्ला. त्यानंतर बोअर खराब झाला तर नवे लायनर (ब्लॉकमध्ये बसवलेल्या बिडाच्या नळ्या), नाहीतर दुसरा ब्लॉक.

आणि पिस्टन हातात यायच्या आधी बोअर करून घेऊ नका, साइज कुठलीही असो. फोर्ज केलेला पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्स जास्त लागतो. किती, ते पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर असतं. चांगला मशीनवाला चारही पिस्टन मोजतो, त्यांच्यावर नंबर घालतो आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनला होन करतो. "पिस्टन नंतर आणा, मी अंदाजाने ठेवतो" असं कोणी म्हणाला तर तिथून मात्र खुशाल उठावं.

हेडचं फार लांबवत नाही. हेड वाकलं असेल तर फेस करायचं. मॅन्युअलची मर्यादा ०.०५ मिलिमीटर आहे, सरळपट्टी आणि फीलर गेजने घरी तपासता येते. उगाच एक मिलिमीटर उडवलं तर नऊच्या आसपासचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधला गॅस किती पट दाबला जातो तो आकडा) दहाजवळ जातो, आंबोलीच्या चढावर इंजिन नॉकिंग करायला, म्हणजे आतून ठोकायला लागतं आणि टायमिंग बेल्टवरचा कॅम मागे पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. कापलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही.

बॅलन्सिंगबद्दल एवढंच सांगतो. ट्रॉलरचं डिझेल इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर दिवसभर चालतं, ते थोडं पोटात घालतं. पण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. चारपैकी एक पिस्टन १० ग्रॅमने जड असेल तर या स्ट्रोकला ३,५०० आरपीएमवर साधारण ५ किलोची जास्तीची ओढ बसते, ७,००० वर २० किलोची. प्रत्येक फेरीला, क्रँकच्या एकाच पिनवर. ज्याला सात हजार फिरवायचंय त्याने हे पैसे वाचवू नयेत. ज्याची गाडी फक्त बाजाराला जाते त्याने पिस्टन-रॉड वजनकाट्यावर जुळवून घेतले तरी पुष्कळ.

धुण्याच्या पैशांवरून हसणाऱ्यांनी आमच्याकडच्या जुलैत ब्लॉक हाताळून बघावा. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची आणि बिडाची पूड राहते. ती पेट्रोलने किंवा रॉकेलने निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, साबण, ब्रश, ऑइलची प्रत्येक गॅलरी (आतली वाट) आरपार घासायची, आणि पांढरं फडकं फिरवून करडा डाग येईनासा होईपर्यंत पुन्हा. मग लगेच वाळवून ऑइल. लगेच म्हणजे लगेच. समुद्राकाठच्या दमट खाऱ्या हवेत उघडं बीड बघता बघता तांबूस होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुंदर होनिंग करून घेतलेला ब्लॉक ऑइल न लावता करूळ घाटातून टेम्पोत आणल्यामुळे गंजलेला मी पाहिलाय. तेव्हा धुण्याचे पैसे द्या, आणि समोर धुवायला सांगा.

आता क्रँक. इथे मेसेजवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. गरज नसताना क्रँक ग्राइंड करायला सांगणारे आहेत. न करता बिल लावणारेही आहेत. काही वर्षांपूर्वी एका शहरात माझ्याच बाबतीत ते झालं. बिलावर ग्राइंडिंग, आणि घरी आणून बघतो तर स्टँडर्ड बेअरिंग तंतोतंत बसतंय! पाव मिलिमीटर घासलेल्या क्रँकला ते ढिलं व्हायला हवं होतं. म्हणजे क्रँकला हातसुद्धा लावला नव्हता. पण यावर उपाय क्रँक न दाखवणं हा नाही. क्रँकच्या चार पिन (जिथे पिस्टनचे रॉड बसतात), पाच मेन जर्नल (ज्यांवर क्रँक फिरतो), प्रत्येकाचं माप आधी लिहून घ्या, काम झाल्यावर पुन्हा घ्या. मापात बसत असेल, ओरखडा नसेल, तर नुसतं पॉलिश पुरतं आणि प्रामाणिक माणूस तसं सांगतो.

राहिले दहा हजार. ते कुठून आले? कुठल्या इंजिनाचे? बुलेटच्या एका सिलिंडरचे की चार सिलिंडरच्या गाडीचे? नुसत्या बोअरचे की टॉर्क प्लेट लावून होन करण्याचे? जिप्सीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. हेडचे बोल्ट आवळले की लायनर किंचित आकार बदलतो, म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट आवळून मग होन करतात. त्यात वेळ जातो, प्लेट त्या इंजिनाची असावी लागते. हे सगळं एका आकड्यात कोंबून "यावर लूट" म्हणणाऱ्याने कधी स्वतःचा ब्लॉक मशीनवर चढवलेला नसावा.

दर कळतो तो सुट्या बिलावरून. बोअर-होन सिलिंडरमागे किती, क्रँक जर्नलमागे किती, व्हॉल्व्ह सीट किती, धुलाई किती. आणि काम देण्याआधी एकच विचारा: कामानंतर चारही सिलिंडरची मापं लिहून द्याल का? सहा ठिकाणं गुणिले चार, चोवीस आकडे. कुडाळवाल्याने ती न मागता देतो म्हणून सांगितलं होतं. साडेसहा हजारवाल्याकडे बोअर गेजच नव्हता, भाच्याने आता कबूल केलं.

आजपर्यंतचा त्याचा खर्च असा: साडेसहा हजार गेले, ०.२५ चा पिस्टन-रिंगचा सेट वाया गेला, आणि कुडाळचे २४ हजार द्यायचेच आहेत. काल मी फोन केला. वर्कशॉपवाल्याने एक शब्द वाकडा काढला नाही, "पिस्टन ०.५० चे मागवा, ते आले की ब्लॉक घेऊन या" म्हणाला. ब्लॉक पडवीत आहे, चारही बोअरना ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलाय. भाच्याने तो मेसेज जिथे जिथे पुढे पाठवला होता तिथे तिसऱ्या सिलिंडरची मापं टाकलीत.