बाबा रोज मारतात

ज्या बाईंनी काल मला भरल्या वेटिंग रूममध्ये राक्षस ठरवलं, त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. त्यांचा माझ्यावरचा उतरला असेल असंही वाटत नाही.

झालं असं की बायकोची मीटिंग, मोठ्याच्या शाळेला सुट्टी आणि धाकटीची दीड वर्षाची लस, तिन्ही एकाच दिवशी आलं. मी घरून काम करतो. घरून काम करणारा माणूस मोकळाच असतो हे आमच्या घरात सर्वमान्य आहे, त्यामुळे प्रश्न चर्चेलासुद्धा आला नाही. निघताना लिफ्टचं बटण मी दाबलं. ते मोठ्याला दाबायचं होतं. तो तिथंच फरशीवर आडवा झाला. आलेली लिफ्ट रिकामी परत पाठवली आणि त्यानं बटण दाबल्यावर ती पुन्हा बोलावली, तेव्हा कुठे आम्ही खाली उतरलो. तोवर धाकटीचा एक मोजा गायब. तो कुठे जातो हे मला दीड वर्षात कळलेलं नाही. मोठ्याच्या पायांत बूट उलटसुलट होते, पण त्यावर भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले. दोन्ही पोरं माझ्या अंगावर लटकलेली पाहून म्हणाले, "वा! घरात मदत करता!"

माझीच पोरं. मी मदत नेमकी कुणाला करत होतो? बायको दोघांना घेऊन याच लिफ्टनं रोज जाते, तिला कुणी वा म्हणाल्याचं ऐकिवात नाही. उलट "मोजा कुठाय बाळाचा?" असं विचारतात.

असो. दवाखान्यात पोचलो तेव्हा आमचा नंबर चौदा आणि आत गेलेला सहावा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही शिफारशी केल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, स्क्रीन एक तासाच्या वर नको, झोप दहा ते तेरा तास हवी. एका जागी सलग तासाहून जास्त जखडून ठेवू नये, असंही त्यात आहे. हे लिहिणारे लोक नंबर चौदा घेऊन कधी बसलेले नसावेत. मोठ्यानं मात्र १८० पैकी निदान ७० मिनिटांची हालचाल तिथेच उरकली, खुर्च्यांच्या खालून.

आणि नेमकं तेव्हाच धाकटीनं डायपर भरला.

बाळाचे कपडे बदलायचं टेबल तिथे होतं. बायकांच्या स्वच्छतागृहात. पुरुषांच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र होतं, तेही बंद. अमेरिकेत सरकारी इमारतींमध्ये पुरुषांच्या बाजूलाही असं टेबल हवं म्हणून २०१६ साली कायदा करावा लागला. कायदा! म्हणजे तोवर तिकडचे बापही माझ्यासारखेच कुठल्यातरी कोपऱ्यातल्या बाकासमोर गुडघ्यांवर बसत असणार. मीही बसलो. डाव्या हातात धाकटीचे दोन्ही पाय, उजव्या हातात ओला वाइप आणि नवा डायपर दातांत. तो खाली ठेवायचा तर फरशी पाहून धीर होईना.

दोन खुर्च्या पलीकडे एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. नातू गोरागोमटा, हाताची घडी घातलेला. मांडीवरची पर्ससुद्धा हलत नव्हती त्यांच्या, तर नातू काय हलेल. मोठा खुर्चीखालून सरपटत नेमका त्यांच्या पायांशी उगवला.

"नाव काय रे बाळ तुझं?"

"डायनासोर."

"खरं नाव?"

"मोठा डायनासोर."

बाई हसल्या. मग त्यांची नजर त्याच्या कपाळावर गेली. "अगंबाई, एवढं टेंगूळ! कुठे पडलास?"

"पडलो नाही काही. काल रात्री बाबा मारत होते ना, तेव्हा झालं."

माझा हात थांबला. धाकटीचा नाही थांबला. तिनं वाइपचं पाकीट उलटं केलं.

"बाबा मारत होते?" बाईंनी आवाज खाली आणला. लोक आवाज खाली आणतात तेव्हा सगळी खोली ऐकायला लागते. "कशानं?"

"चपलेनं. पण बाबांचा नेम चुकतो."

"आणि आई काय करत होती?"

"आई पलंगावर उभी राहून ओरडत होती. मारा, मारा, सोडू नका!"

समोर मासिक चाळणाऱ्या माणसानं मासिक मिटलं. मी दातांतल्या डायपरमधून "अहो, ते झु" एवढं म्हणायचा प्रयत्न केला. बाहेर पडलं ते गुरगुरणं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नातवाला कडेवर घेतलं.

"रोज मारतात का रे?"

"रोज. रात्री लाइट लावला की मारतात." मग थोडा विचार करून, कारण पोरगं तसं प्रामाणिक आहे, "परवा नाही मारलं. परवा ते ओट्याखाली पळालं."

इथे तरी बाईंना कळायला हवं होतं. ओट्याखाली कुठलं मूल मावतं? पण बाईंचा विचार फार पुढे गेलेला होता.

"आणि तुझी छोटी बहीण? तिला?"

"ती झोपली होती. उठली असती तर तिनं खाल्लं असतं."

यावर काही क्षण कुणी बोललं नाही. मी डायपर थुंकला आणि ओरडलो, "झुरळ हो! झुरळ! मी झुरळ मारतो! हा टेबलाखाली बघायला गेला आणि उठताना कपाळ आपटलं!"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुडघ्यांवर बसलेलो, हातात घाण वाइप, हनुवटीला लाळ.

"असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या.

सगळेच म्हणजे कोण? जगात असे किती बाप आहेत जे पोराला बडवतात आणि वर झुरळाचं नाव घेतात? मला खरंच विचारायचं होतं. पण तेवढ्यात धाकटी उघडीच उलटी फिरून बाकावरून उतरायला लागली आणि वादविवादातली माझी बाजू तिथेच पडली. बाईंनी पुढे असंही सुनावलं की झुरळ असलं तरी मुलांदेखत मारू नये, मुलं तेच शिकतात. मग मोठ्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबांना सांगायचं, तोही जीवच आहे. मारायचं नाही, उचलून बाहेर सोडायचं." मासिकवाल्यानं मान डोलावली. त्याचा काय संबंध?

लस झाली. धाकटी रडली ती टोचताना नाही, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप परत करावा लागला म्हणून. डॉक्टर म्हणाले, "आज-उद्या जरा ताप येऊ शकतो. आईंना सांगा, लक्ष ठेवायला." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पुढची तारीख आईंना विचारून फोन करा." मी निरोप्या आहे का? लसीचं कार्ड माझ्या खिशात, डायपरची पिशवी माझ्या खांद्यावर, उरलेला एकमेव मोजासुद्धा माझ्याच मुठीत. तरी माझ्या तोंडावर बघून बोलायचं ते घरी नसलेल्या माणसाशी. आणि गंमत म्हणजे तीच आई मुलांना घेऊन गेली की लोक तिला विचारत नाहीत, "बाबा नाही आले?" विचारायला हवं. मला फोन तरी येईल तिचा.

दुपारचं लिहीत नाही. धाकटीला ताप आला, मोठा झोपला नाही, ऑफिसच्या कॉलवर मी म्यूट करायला विसरलो आणि "शी झाली का?" हे तेरा लोकांनी ऐकलं. एकानं "नाही अजून" असं उत्तरही दिलं.

रात्री सव्वादहा. दहा ते तेरा तासांची झोप अजून सुरूही झालेली नव्हती. स्वयंपाकघरातला लाइट लावला आणि ते ओट्याखालून निघालं. परवाचंच असावं, चाल ओळखीची वाटली. झुरळाचं डोकं तुटलं तरी ते बरेच दिवस जगतं म्हणतात, आणि त्याच्या घराण्याचा इतिहास डायनासोरांच्याही आधीचा. त्याच्यापुढे माझी चप्पल म्हणजे कालचं पोर. बायको सवयीनं पलंगावर चढली. मी चप्पल उचलली.

"बाबा, नाही! आजी काय म्हणाल्या? तोही जीवच आहे!"

"कोण आजी?" पलंगावरून आवाज आला.

मी सांगायला लागलो, पण ती हसून खाली बसली आणि झुरळ तिच्याच दिशेनं वळल्यावर परत उभी राहिली. शेवटी स्टीलचा पेला पालथा घातला, खालून धाकटीच्या पुस्तकाचा पुठ्ठा सरकवला आणि आम्ही बापलेक झुरळ घेऊन दाराबाहेर पडलो. लिफ्टचं बटण या खेपेला त्यानं दाबलं. खाली फाटकाबाहेर पेला उचलला. ते जाईना. मोठ्यानं वाकून त्याला टाटा केला, मग गेलं.

वर आलो तर बायको अजून पलंगावरच.

"दुसरं आहे," ती म्हणाली. "मोठं आहे. आणि धाकटी उठलीय."