शून्याचे वीस टक्के

आमची खानावळ पुण्यात नवी पेठेत, गांजवे चौकापासून हाकेच्या अंतरावर. 'खानावळ' फक्त पाटीवर. पोरं तिला मेस म्हणतात आणि स्वतःला मेंबर. मेंबर बहुतेक सगळे एमपीएससीवाले, त्यामुळे आमच्या धंद्याचं पंचांग आयोग काढतो. परीक्षा तोंडावर आली की पोरं दोन पोळ्यांवर उठतात, आणि पुढे ढकलली की त्याच रात्री पाच-पाच खातात. दुःखाने भूक मरते असं म्हणणाऱ्याने कधी मेस चालवलेली नसावी.

मार्च २०२० मध्ये माझ्याकडे चौसष्ट मेंबर होते. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिलला होती. तेवढ्यात लॉकडाऊन आला, पोरं मिळेल त्या गाडीने गावाकडे पांगली आणि माझ्याकडे उरलं तीस किलोचं कणकेचं पोतं, अर्धा डबा लोणचं आणि सासऱ्यांच्या हातची भिंतीवरची पाटी: 'उधारी मागू नये. मागितल्यास ओळख विसरली जाईल.' परीक्षा आधी २६ एप्रिलला गेली, मग सप्टेंबरात, मग ऑक्टोबरात. दर वेळी मी डाळ भरायची आणि दर वेळी त्या डाळीत किडे व्हायचे.

मे महिन्यात वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ह्यांनी तो आकडा दूधवाल्याच्या वहीत लिहून काढला. दोनावर तेरा शून्यं. "एवढ्यातलं एखादं शून्य तरी आपल्याकडे घरंगळेल की," हे म्हणाले. शून्याच्या बाबतीत ते बरोबर निघाले.

मला वाटलं होतं, मदत म्हणजे अनुदान. अर्ज करायचा, नुकसान दाखवायचं, पैसे खात्यात. मी रिकाम्या मेसचे चार कोनांतून फोटोसुद्धा काढून ठेवले. बँकेत गेल्यावर कळलं की पॅकेजमध्ये आमच्यासारख्यांच्या नावाने जे आहे ते कर्ज आहे. तीन लाख कोटींचं, विनातारण, सरकारच्या हमीचं. हे चांगलंच होतं, नाही कशाला म्हणू? प्लॅस्टिकच्या पडद्याआडून साहेबांनी विचारलं, "सध्या कर्ज किती आहे मॅडम?"

"एक पैसा नाही," मी पदर सावरून सांगितलं. आमच्या घरात हे वाक्य मान वर करूनच म्हणतात.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे."

नियम असा होता की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या वीस टक्के रक्कम नव्याने मिळणार. बाकी काहीच नसेल तर? साहेब सज्जन होते, त्यांनी खरोखर कॅल्क्युलेटर पुढे ओढला. शून्याचे वीस टक्के काढले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तारीखही कशी, चार वर्षांतून एकदा उगवणारी. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. शनिवार होता. त्या दिवशी मी मटकी मोड काढून उसळ केली होती. कर्ज करायचं मेलं सुचलंच नाही.

"मुद्रा योजनेतलं छोटं, शिशू कर्ज आहे का?" साहेबांनी पुढे विचारलं. "त्यावर व्याजात दोन टक्के सवलत आहे." तेही नव्हतं. बाजूच्या रांगेतला एक गृहस्थ माझ्याकडे दयेने बघत होता. त्याचे तीन हप्ते थकले होते, पण त्याच्याकडे निदान थकायला काहीतरी होतं. निघताना साहेब म्हणाले, "उद्यम नोंदणी करून ठेवा. पुढेमागे काही आलं तर उपयोगी पडेल." सरकारी कामातला 'पुढेमागे' हा शब्द मला फार आवडतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारदरबारी नोंद, १ जुलैपासून सुरू झाली होती. फुकट, घरबसल्या, कागद न जोडता. फक्त आधारवर ओटीपी येतो. माझा ओटीपी गेला सहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नंबरावर. म्हणून आधी नंबर बदलायला आधार केंद्र. १४ जुलैची वेळ मिळाली आणि १३ तारखेपासून पुणं पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद. २३ नंतर गेले, तर मशीन माझं बोट घेईना.

"काकू, बोट पुसा." पुसलं. "जरा दाबून." दाबलं. "तेल लावलंय का?" तेल कसलं लावतेय? तेवीस वर्षं तव्यावरची पोळी बोटांनी उलटतेय, दिवसाला तीनशे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही अशी गुळगुळीत झालीत की देवाने घडवून वर पॉलिश केल्यासारखी. त्या मुलाने उजवा हात संपवला, डावा घेतला आणि शेवटी डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. ती तेवढी तव्यापासून लांब राहते. आज सरकारदरबारी माझं अस्तित्व त्या एका करंगळीवर तोलून धरलेलं आहे. मी तिला जपते.

मग अर्ज. धंद्याचा प्रकार निवडायचा तर यादीत पोळीभाजी नाही. आमच्यासाठी सापडला कोड ५६१०१, म्हणजे 'बार नसलेलं रेस्टॉरंट'. सासऱ्यांचा वरणभात शेवटी बारच्या गैरहजेरीवरून ओळखला जावा! पुढचा रकाना: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक. तेव्हा एक कोटीपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरायचात. मी मिक्सर, दोन मोठे कुकर आणि कणीक मळायचं मशीन धरलं. तवाही धरायचा होता, पण हे म्हणाले उगाच मध्यम उद्योगात जाऊ. प्रमाणपत्र आलं, छान क्यूआर कोडसकट. ह्यांनी ते लॅमिनेट करून उधारीच्या पाटीशेजारी लावलं. आता भिंतीवर एक कागद मदत मागायला सांगतो आणि दुसरा ओळख विसरायला.

मधल्या काळात कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं कर्ज मिळालं. आनंदच झाला, त्याचे पेढेही खाल्ले. मी चौकशी केली तर म्हणे ती योजना पथविक्रेत्यांसाठी. "काकू, तुम्हाला दार आहे ना," तो म्हणाला. माझ्या दाराबद्दल इतक्या आदराने आधी कुणी बोललं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा राज्य सरकारने रिक्षावाल्यांना, फेरीवाल्यांना, नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड-दीड हजार जाहीर केले. चौसष्ट पोरांची धुणी सोडून बाकी सगळं मी केलंय, पण ते घरकामात मोडत नाही. ते ५६१०१ मध्ये मोडतं.

त्याआधी ११ मार्चला आयोगाने तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुन्हा ढकलली आणि पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली. परीक्षा मग २१ मार्चला झाली. मी त्या गर्दीत माझे मेंबर मोजत होते. नऊ दिसले.

त्यातलाच एक, नांदेडकडचा, ऑगस्टात दारात उभा. वाळला होता. नमस्कार केला आणि पाकिटातून एक चुरगळलेलं पिवळं कूपन काढलं. मार्च २०२० चं.

"काकू, माझे नऊ दिवसांचे खाडे राहिलेत. ॲडव्हान्स भरला होता."

आमचा नियम स्पष्ट आहे, पाटीवर लिहिलाय: आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय खाडा धरला जाणार नाही. मी चष्मा लावला, कूपन उलटंपालटं केलं आणि माझ्याच तोंडून बँकेतल्या साहेबांचा आवाज आला.

"लॉकडाऊनच्या आदल्या दिवशी कळवलं होतंस का?"

"नाही काकू."

"याची झेरॉक्स?"

पोरगं तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देत होतं. त्याने सॅक खाली ठेवली आणि खिशातलं पेन काढलं.

"आणलीय. स्वसाक्षांकित करून देऊ?"

मी तवा चढवला.