चौथी भिंत आयती मिळत नाही

बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या गॅरेजला लागून दुसरं बांधताय? तीनच भिंती बांधा, चौथी आयती आहे. जुन्या कॉलममध्ये ड्रिल मारून सळया केमिकलने बसवा, दोन्ही बांधकामं एकजीव होतात. मग मधली भिंत काढा, दोन गाड्यांचं ऐसपैस गॅरेज तयार. एकमजली कामाला इंजिनिअर कशाला?’ मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. एकाने तर दारात खडीही टाकून घेतली होती.

आधी ती आयती भिंत. 10 बाय 20 फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे पावणेसहा टन वजन. वर ब्रिकबॅट कोबा (गळती थांबवणारा वीटतुकड्यांचा थर) आला की आणखी तीन-चार टन. त्यातलं निम्मं जुन्या भिंतीवर. 9 इंची पक्की वीटभिंत एवढं पेलते, हे मान्य. पण भिंतीखाली काय आहे? जुन्या गॅरेजवर पत्रा असेल, तर पायाही पत्र्याच्याच हिशोबाने घातलेला असणार. आणि नव्या पायासाठी त्या भिंतीच्या बुडाशी सलग चर खणला, तर जुन्या पायाखालची मातीच चरात सरकते. खणायचंच तर तीन-चार फुटांचे तुकडे करून, एकाआड एक, आणि जुन्या पायाच्या तळाखाली न जाता.

एकजीव करण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. जुनं गॅरेज वीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय. नवं आता बसायला लागणार. त्यात काळी माती असेल तर विचारूच नका. उन्हाळ्यात ती आक्रसते, पावसाळ्यात फुगते. अशा एका जोडाच्या फटीत मे महिन्यात रुपयाचं नाणं उभं जायचं, ऑगस्टमध्ये नखही शिरत नव्हतं. मालक दर दिवाळीला पुट्टी भरायचे. सळयांनी जखडलं तर ही हालचाल थांबत नाही, तडा फक्त दुसरीकडे जातो, बहुधा जुन्या कॉलमवरच. केमिकल चांगलंच असतं, पण भोकातली धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढली तर. साइटवर गडी तोंडाने फुंकर मारतो आणि धूळ त्याच्याच डोळ्यांत जाते.

त्यापेक्षा दोन्ही बांधकामांत किमान 25 मिमी मोकळा सांधा सोडा. तो गळेल म्हणाल, तर वर पत्र्याची टोपी बसवा, मात्र स्क्रू एकाच बाजूला.

मधली भिंत काढायचा सल्ला तर याच मेसेजचा पहिला सल्ला खोडतो. नवा स्लॅब जिच्यावर टेकवला, तीच भिंत पाडायची!

राहिला एकमजलीचा मुद्दा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत पडलेली घरं बहुतेक एकमजलीच होती. दगडमातीची होती, आरसीसीशी थेट तुलना नको. पण डोक्यावर जड छप्पर आणि खाली एकमेकींना न बांधलेल्या भिंती, हा प्रकार ओळखीचा वाटतो का बघा.

खडीवाल्या नातेवाइकाला मी सुचवलं, जुन्या पायाला लागून खणावं लागू नये म्हणून नवे कॉलम जुन्या भिंतीपासून 2 फूट आत घे, स्लॅब तेवढाच बाहेर काढ. त्याचा पहिला प्रश्न: ‘मग गाडीचं दार उघडेल का?’ प्रश्न रास्त होता. कॉलम पुढे-मागे कोपऱ्यांतच ठेवले, मध्ये एकही नाही. त्यासाठी बीम जास्त खोल घ्यावा लागला. शटर अरुंद होत होतं, म्हणून रुंदी 10 ऐवजी 12 फूट धरली. तुळशीवृंदावन मात्र हलवावं लागणार, त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.