इरकल नेसलेली बंदूक

पाडव्याला लोक सोनं घेतात. मी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या आमच्या गावात पाडव्याला जुनी मॉसबर्ग 500 बंदूक घेतली. मुहूर्त आईने काढला होता. मी गेलो तो दुकानात त्या दिवशी सूट होती म्हणून. घरी आल्यावर आईने नव्या स्कूटरला लावतात तशी दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं उमटवली, मग चष्मा वर करून विचारलं, "पण ही कशाला रे?"

"टर्की मारायला."

"ती दुकानात मिळत्यात नव्हं? त्या थँक्सगिव्हिंगला तर ढिगानं."

हा प्रश्न पुढचा महिनाभर घरात घुमत राहिला आणि मला त्याचं उत्तर कधीच देता आलं नाही. खरं कारण शेजारचे काका. वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर ट्रक चालवलेला, मिशा अशा की आई त्यांना पहिल्याच दिवशी 'आमच्या भागातले वाटतात' म्हणाली. दोन हिवाळे त्यांनी आमच्या दारातला बर्फ न सांगता काढला. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "वसंतात माझ्याबरोबर टर्कीला चल." अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

मिझुरीत 1967 साली किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना घ्यायचा तर आधी सुरक्षिततेचं शिक्षण घ्यावं लागतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून मी ते घेतलं. माझ्या शेजारचा पोरगा उत्तरं माझ्याआधी लिहून मोकळा व्हायचा आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघायचा.

आता या पक्ष्याबद्दल. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण डोळे असे की काय सांगावं. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता स्वतःभोवतीचं जवळजवळ पाऊण वर्तुळ दिसतं, आणि रंगही सगळे दिसतात. चाळीतल्या पहिल्या खोलीतल्या आजी आठवा, म्हणजे कल्पना येईल. अशा पक्ष्यासमोर पॉलिश केलेला लाकडी दस्ता आणि उन्हात चमकणारी निळसर काळी नळी घेऊन बसणं म्हणजे आरसा घेऊन बसण्यासारखंच. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हलला नाहीस तर काही लागत नाही." पण तोवर मी कॅटलॉग चाळला होता.

कॅटलॉगात झाडाच्या सालीचं, पाल्याचं चित्र कारखान्यातच छापलेल्या बंदुका होत्या. नुसत्या त्या छपाईचे शंभर-दीडशे डॉलर जास्त. शंभर डॉलर देऊन बंदूक दिसेनाशी करायची, हे माझ्या कोल्हापुरी रक्ताला झेपेना. आमच्याकडे शंभर डॉलर दिलेली वस्तू चारचौघांत दिसली पाहिजे.

म्हणून मी पाल्याचं चित्र असलेली कापडी चिकटपट्टी आणली. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघितलं आणि कामाला लागलो. चिकटपट्टी लावण्यात आम्हा लोकांचा हात कोण धरणार? लोणच्याची बरणी कोल्हापूर-मुंबई-शिकागो अशी तेलाचा थेंब न सांडता आणणारी माणसं आम्ही. तशीच गुंडाळली. दस्ता, नळी, नळीखालची मूठ, कुठेही फट नाही. सेफ्टीचं बटण आणि काडतूस बाहेर पडायची खिडकी तेवढी सोडली, कारण वर्गात त्या पोराने ते उत्तर बरोबर लिहिलेलं मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी बंदूक हातात घेतली आणि मूठ मागे ओढली. मूठ हलेना. या बंदुकीची ती मूठ मागे-पुढे सरकवली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. मी मूठ आणि नळी मिळून एकच बरणी केली होती. काकांनी ती परत दिली आणि म्हणाले, "विमानातून पाठवायची असेल तर छान आहे."

पट्टी निघाली, पण डिंक निघेना. बंदुकीला हात लावला की हात तिचा व्हायचा. चेहरा पुसायला रुमाल काढला तर रुमालही तिचा. शेवटी बायकोने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. तासभर चोळल्यावर डिंक सुटला आणि आमची बंदूक न्हाऊनमाखून शाळेला निघालेल्या मुलीसारखी घमघमायला लागली. पक्ष्याला वास येत नाही हे किती बरं.

मग रंग. तपकिरी, शेवाळी आणि मातकट असे बिनचमकीचे तीन फवारे आणले. पाला आडवा धरून वरून फवारा मारायचा, की पानाचा आकार उमटतो. प्रयोग म्हणून आधी एक जुनी फळी रंगवली. फर्न मिळाली नाही म्हणून बायकोच्या कुंडीतला कढीपत्ता धरला. फळी बघून बायको एवढंच म्हणाली, "अळूचं फतफतं झालंय." मग कुंडीकडे बघून आणखी बरंच काही म्हणाली. अमेरिकेत कढीपत्त्याचं झाड जगवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. रंगाचा विषय तिथेच संपला.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी मी उघड्या बंदुकीकडे बघत बसलो होतो. आई आली. "काय करालायस?" मी सांगितलं. ती क्षणभर बंदुकीकडे बघत राहिली. मला ती नजर ओळखीची होती. याच नजरेने तिने आमचा टीव्ही, फ्रिज, मिक्सर, रिमोट आणि दोनदा सोफा बघितला होता. "एवढंच? आण की हिकडं. कव्हर शिवते."

मला हे आधी कसं सुचलं नाही? जिच्या घरात कुकरलाही झबलं असतं, तिच्यासमोर मी महिनाभर चिकटपट्ट्या लावत बसलो होतो. तिने बॅगेतून जुनी, विटलेली इरकल काढली. अंग हिरवट तपकिरी, धुऊन धुऊन सुकलेल्या पानासारखं झालेलं. कॅटलॉगवाल्यांनाही असा रंग जमला नव्हता. टेपने तिने नळी मोजली, दस्ता मोजला, चाप आणि सेफ्टी मोकळी ठेवली, मुठीपुरतं वेगळं बाही करून शिवलं. मी झोपलो तरी मशीन चालू होतं. पहाटे साडेतीनला अंधारातच तिने तयार बंदूक दिली, नाडीने नीट बांधलेली. खर्च शून्य.

रानात पोचलो तेव्हा काळोख होता. पाठीला खांद्यांहून रुंद ओकचं झाड घेऊन बसायचं, म्हणजे मागून कुणी चुकून बार टाकला तर खोड आड येतं. काकांनी तोंडाशी हात धरून घुबडाची हाक दिली. इथले लोक म्हणतात, ते घुबड 'हू कुक्स फॉर यू' म्हणतं, म्हणजे 'तुला रांधून कोण घालतं?' आणि त्या हाकेने चिडून झोपेतला नर टर्की झाडावरूनच गुरगुरतो. तसंच झालं. समोरच्या उतारावरून अशी गडगड आली की माझ्या अंगावर काटा आला. काकांनी लाकडी पेटी घासून मादीचा आवाज काढला. पुन्हा गडगड, या वेळी जवळून. नर झाडावरून उतरला होता.

हळूहळू उजाडलं. आणि काकांनी माझ्याकडे बघितलं.

इरकलीचा पदर कसा असतो, हे आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. लालभडक, त्यात पांढऱ्या रेघा. आईला पदर वाया घालवणं जमलं नव्हतं. तिने तो नळीच्या टोकाला, हौसेने, झालर करून लावला होता. वाऱ्यावर तो हलत होता.

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नर टर्कीचं डोकं वसंतात लाल, पांढरं आणि निळं होतं. म्हणून टर्कीच्या रानात हे तीन रंग अंगावर आणायचे नसतात, रुमाल नाही की मोजेही नाहीत; झुडपाआडून दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढंच दिसलं तर तो नेम धरतो. वर्गात हे शिकवलं होतं. पण शिकवताना कुणी इरकलीचं नाव घेतलं नव्हतं.

"काढ ते," काका दातांमधून म्हणाले.

आईची नाडीची गाठ. ज्याने लहानपणी सोडवलीय त्याला ठाऊक आहे. मी नखांनी लागलो, दातांनी लागलो. काकांनी खिशातला चाकू काढला. त्याच वेळी तीस पावलांवर एक मान वर आली, लाल, पांढरी, निळी. छातीवर केसांसारखी दाढी लोंबत होती. त्याने दोन म्हातारे-तरुण मिळून एका लुगड्याची नाडी कापताना बघितले, 'पट्' असा एकच आवाज केला आणि गेला. टर्की केवढ्या वेगाने पळते, हे मला तेव्हा कळलं.

तीन दिवसांनी काकांनी एकट्याने एक मारली. त्यांच्या बंदुकीवर ना रंग ना पट्टी, नुसती वर्षांची कळा. दोन्ही तंगड्या आमच्याकडे आणून दिल्या. रानातल्या टर्कीची तंगडी म्हणजे नुसत्या शिरा. आईने कुकरच्या अकरा शिट्ट्या काढल्या आणि तांबडा रस्सा केला. काकांना मानाने वाढला. मी 'जरा बेताने घ्या' म्हणेपर्यंत त्यांनी वाटी तोंडाला लावली होती.

आधी लाल झाले. मग पांढरे. निळे व्हायच्या आत आईने पांढऱ्या रश्शाची वाटी पुढे सारली.