दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत, गाडी मात्र नाही

पहाटे खाली उतरलो तेव्हा रात्रीच्या पावसाने सगळा रस्ता ओला होता आणि माझी गाडी उभी असायची तेवढीच जागा कोरडी होती. कडेला मागच्या दाराच्या तिकोनी काचेचा चुरा पडला होता. दोन्ही किल्ल्या घरातच होत्या, एक दाराजवळच्या खुंटीवर आणि दुसरी कपाटात.

समोरच्या इमारतीच्या कॅमेऱ्यात सगळे दिसते. एकाने काच फोडली, दार उघडून तो आत शिरला आणि दुसऱ्याने बॉनेट उचलून भोंग्याची वायर कापली. भोंगा काही क्षण वाजला, पण एकही खिडकी उघडली नाही. शेजाऱ्यांना मी दोष देणार नाही, कारण मांजर टपावर चढले तरी हे भोंगे रात्रभर बोंबलतात आणि लोकांनी ते ऐकणेच सोडून दिले आहे. पुढच्या पाच-सहा मिनिटांत गाडी सुरू झाली आणि निघूनही गेली.

हे कसे घडते ते मला आता तोंडपाठ झाले आहे. किल्लीतल्या चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर माझ्या गाडीत होता आणि विक्रेत्याने तो अभेद्य असल्यासारखा वर्णन करून सांगितला होता. पण स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो, जिथे वर्कशॉपवाले यंत्र लावून बिघाड तपासतात आणि हरवलेल्या किल्लीऐवजी नवी किल्ली नोंदवून देतात. नेमके तसलेच यंत्र चोर तिथे लावतो, कोरी किल्ली गाडीच्या स्मृतीत नोंदवतो आणि गाडी त्यालाच मालक मानते. ज्या गाड्यांत किल्ली खिशातच ठेवून बटण दाबायचे असते, तिथे काच फोडण्याचीही गरज उरत नाही: एक जण घराच्या दाराशी उभा राहून किल्लीचा क्षीण संकेत वाढवतो, दुसरा तो गाडीपाशी पोहोचवतो.

माझा संताप याच ठिकाणी आहे. चोरांची ही रीत कंपन्यांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. हालचाल थांबली की संकेत बंद करणारी किल्ली बनवता येते आणि काही कंपन्या ती देतातही. नवी किल्ली नोंदवण्याआधी भक्कम पडताळणी मागणेही अशक्य नाही. असे असताना लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाने बाजारातून लोखंडी स्टिअरिंग लॉक आणि छुपा जीपीएस स्वतःच्या पैशाने बसवून घ्यायचा, आणि कंपनीने मात्र जाहिरातीत सनरूफ दाखवत राहायचे, हे मी का सहन करावे?

चोराला सहा मिनिटे लागली. माझे चार महिने गेले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली गुन्हा नोंदवला गेला, पण विमा कंपनीला तपास संपल्याचा अहवाल हवा, म्हणजे चोरी खरी पण आरोपी सापडत नाही असे सांगणारी ‘अ’ समरी हवी, आणि तिच्यासाठी मी पोलीस ठाण्याचे किती खेटे घातले ते मोजणे सोडून दिले आहे. गाडी अडीच वर्षांची, म्हणून विम्याच्या रकमेतून 30 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, आधीच वजा झालेला. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला पूर्णच कापला जातो.

सर्वांत जिव्हारी लागले ते विमा तपासनिसाचे वागणे. दोन्ही किल्ल्या त्याने प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून नेल्या, त्यांच्यावर नक्कल काढल्याच्या खुणा आहेत का हे भिंगातून पाहिले आणि मला विचारले, “किल्ली कोणाला दिली होती?” फुटलेल्या काचेचे फोटो त्याच्या हातात होते, चित्रफीत त्याने पाहिली होती, स्टिअरिंगखाली वाकलेला माणूस त्यात स्पष्ट दिसत होता. तरीही माझ्या उत्तरानंतर त्याने तोच प्रश्न शब्द बदलून माझ्या बायकोला विचारला, आणि मग जाताना खाली थांबून वॉचमनलाही विचारला.