पूर्वेचे वेगळे, बागेचे वेगळे: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. फ्लॅटच्या दरावर 'पीएलसी', म्हणजे मोक्याच्या जागेचे जादा पैसे, वेगळे लावण्याविरुद्ध मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, रस्त्यालगतचं वावर आणि आतलं वावर एका भावानं जात नाही, मग फ्लॅट का जावा? रेरात, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्यात, याला बंदी नाही. आणि मी गिऱ्हाइकाला उगाच घाबरवते.

चांगल्या फ्लॅटला जास्त किंमत पडावी, यावर माझा आक्षेप नाही. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरपत्रकात, सरकारही मजल्यानुसार मूल्य कमीजास्त धरतं. रेरा किंमत ठरवून देत नाही, हेही खरं. पण वावराच्या सौद्यात रस्त्याचा भाव पहिल्या बोलण्यातच येतो. 'एकरी एवढे, आणि रस्त्याचे वेगळे' असं कुणी म्हणत नाही. फ्लॅटचा मात्र फलकावर एक दर, आणि बुकिंगच्या टेबलावर पूर्वेचे वेगळे, बागेचे वेगळे, कोपऱ्याचे वेगळे, मजल्याचे वेगळे. मजल्यावर चारच फ्लॅट असले की चारही कोपऱ्याचे होतात. मग मूळ दराचा फ्लॅट कोणता? गिऱ्हाइकानं एवढंच विचारावं, 'एकही जादा पैसा नसलेला फ्लॅट दाखवा.' तो दाखवता येत नसेल, तर फलकावर छापलेल्या दराला काही अर्थ नाही.

शिवाय ही दरांची यादी पुण्या-मुंबईहून जशीच्या तशी उचललेली असते. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा गावात सगळ्यात वरच्या मजल्याला 'फ्लोअर राइज', म्हणजे मजल्यागणिक वाढणारा दर, कशाबद्दल द्यायचा? दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही घर तापवतो. पश्चिमेला रस्ता असला की 'रोड व्ह्यू'चे पैसे घेतात, आणि दुपारी तीननंतर त्या बाजूच्या खोलीत बसवत नाही. उलट दक्षिणेचं बघा. मेअखेर दुपारचा सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर उन्हाळ्यात ऊन फारसं पडतच नाही. वास्तूच्या भीतीनं लोक दक्षिण टाळतात, म्हणून त्या बाजूला जादा पैसे सहसा मागत नाहीत. वास्तू मानत नसाल तर माझ्या मते तो फ्लॅट आधी बघावा.

बागेचे पैसे देताना तर कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. समोरची हिरवी जागा मंजूर लेआउटमधली ओपन स्पेस आहे की शेजाऱ्याचा रिकामा प्लॉट? शेजाऱ्यानं उद्या चार मजले चढवले, तर तुमची बाग गेली आणि पैसेही गेले. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात. ते बघा, आणि नगररचना विभागात त्या जागेवर डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, काय दाखवलंय तेही विचारा. 'गार्डन फेसिंग' हे करारनाम्यात लिहून घ्या. रेराच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, व्यवहार सोडून व्याजासह पैसे परतही मागता येतात. पण दाखवायला हातात काही असलं पाहिजे. पैसे वेगळ्या चिठ्ठीवर दिलेले असले, तर तक्रारीला आधार राहत नाही आणि बँकही करारनाम्याबाहेरच्या रकमेवर कर्ज देत नाही.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. 'पीएलसीवर १८ टक्के जीएसटी लागतो, हे तुम्ही लपवलं,' असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही. ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर स्पष्ट झालंय की पूर्णत्वाच्या दाखल्याआधी बांधकामाच्या मोबदल्याबरोबर घेतलेले मोक्याच्या जागेचे पैसे त्याच सेवेचा भाग आहेत. घराला जो दर, तोच त्यांना. कोटेशनमध्ये त्यावर १८ टक्के धरले असतील, तर हिशोब बदलून मागा.

आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला खरा फटका बसतो तो दुसरीकडे. परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का आहे, एरवी ५ टक्के. महानगरांबाहेर परवडणारं घर म्हणजे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. या ४५ लाखांत मोक्याच्या जागेचे, पार्किंगचे, विकासशुल्काचे असे बिल्डरनं घेतलेले पैसेही धरतात. समजा फ्लॅट ४४ लाखांचा, जीएसटी ४४ हजार. त्यावर २ लाख 'पूर्वेचे' लागले की किंमत ४६ लाख, आणि जीएसटी सगळ्या रकमेवर ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. दोन लाखांची पूर्व ३ लाख ८६ हजारांना पडली, मुद्रांक शुल्क वेगळंच. रावेर-यावलचा केळीवाला मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात घर घेतो, भुसावळचा रेल्वे कर्मचारी निवृत्तीआधी घेतो. त्यांना हा हिशोब बुकिंगच्या टेबलावर कोणी मांडून दाखवत नाही.

तुम्ही धुळ्याच्या देवपुरात फ्लॅट बघताय असं लिहिलंय. किंमत ४५ लाखांच्या आसपास असेल, तर बुकिंगची रक्कम देण्याआधी सगळे जादा पैसे मिळवून एकच आकडा लेखी मागा, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत देऊ नका. ते तर रेराच्या कलम १३ मध्येच आहे.