उरलेली भाजी गोठवली म्हणजे निर्यात झाली?

एक मेसेज सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्याचा सारांश असा: विकसनशील देशांत भाव पडला की शेतकरी भाजी रस्त्यावर ओततात. तीच गोळा करा, गोठवा, कंटेनर भरून बोटीने पाठवा आणि श्रीमंत देशांत दहापट भावाने विका. एक कोल्ड स्टोरेज पुरे. गोठवल्यावर जंतू मरतात, त्यामुळे तपासणीची कटकट नाही. माल दोन वर्षं टिकतो, त्यामुळे विकायची घाई नाही. ऐकायला झकास आहे.

‘भाव पडलेला माल गोठवा.’ सगळी गडबड इथूनच सुरू होते. मटार तोडला की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून कारखान्याला तो काही तासांत आत हवा असतो. दाणा किती कोवळा आहे हे टेंडरोमीटर नावाच्या यंत्रात दाबून मोजतात. आकडा वर गेला की माल खालच्या प्रतीत. बाजारात दोन दिवस पडून राहिलेल्या मटाराची ही परीक्षा घ्यायचीही गरज नसते. म्हणून हा धंदा बियाण्यापासून सुरू होतो: वाण कोणतं, कोणत्या आठवड्यात कोणाच्या शेतात लागवड, तोडणी कधी, सगळं आधी ठरलेलं. इक्वाडोरची गोठवलेली ब्रोकोली अमेरिका, युरोप, जपानमध्ये जाते ती काही उरलीसुरली म्हणून नाही. तिथल्या कोटोपाक्सीच्या डोंगराळ भागात, विषुववृत्ताजवळ, तिची तोडणी बाराही महिने चालते आणि कारखान्यातली गोठवण्याची लाइन रिकामी राहत नाही. बाजार मात्र कोसळतो तो सगळ्यांचा माल एकाच वेळी आल्यामुळे. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी कारखाना उभा केला, तर कर्जाचं व्याज वर्षभर चढत राहणार.

‘एक कोल्ड स्टोरेज पुरे.’ कोल्ड स्टोरेज माल थंड ठेवतं. नीट गोठवणं हे त्याचं काम नव्हे. सावकाश गोठलेल्या भाजीत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर पाणी सुटून लगदा उरतो. आयक्यूएफ, म्हणजे एकेक दाणा सुटा गोठवणाऱ्या लाइनमध्ये जाळीच्या पट्ट्याखालून उणे ३० अंशांच्याही खालची हवा इतक्या जोरात येते की दाणे तरंगत, उसळत पुढे जातात आणि काही मिनिटांत एकेक सुटा गोठतो. त्याआधी बहुतेक भाज्यांचं ब्लँचिंग, म्हणजे गरम पाण्यात किंवा वाफेत थोडा वेळ धरणं. ते चुकलं की गोठलेल्या भाजीतही एन्झाइम काम करत राहतात आणि काही महिन्यांत रंग नि वास बिघडतो. हे तपासायला कापलेल्या तुकड्यावर ग्वायाकॉल नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे थेंब टाकायचे. तांबूस-तपकिरी डाग उमटला की ब्लँचिंग अपुरं. जास्त झालं तर भाजी मऊ पडते. लाइनवरच्या माणसाचा निम्मा दिवस या दोन टोकांमध्ये जातो.

रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, त्याच्याबद्दलही हाच गैरसमज आहे. तो उणे १८ अंशांवर आलेला माल त्याच तापमानावर ठेवतो. कोमट माल भरून ‘बंदरापर्यंत गोठेल’ म्हणणाऱ्यांनी पुढच्या नुकसानभरपाईच्या क्लेमची तयारी ठेवावी.

‘गोठवल्यावर जंतू मरतात, तपासणी नको.’ हे तर धोकादायक आहे. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण त्यातले बरेच जिवंत राहतात. २०१८ मध्ये युरोपात लिस्टेरिया या जंतूच्या साथीचा माग हंगेरीतल्या एका कारखान्याच्या गोठवलेल्या मक्यापर्यंत गेला. २०१५ पासून जून २०१८ पर्यंत पाच देशांत ४७ रुग्ण, ९ मृत्यू. दूषित लाइन युरोपातच होती, त्यामुळे ‘हे नियम फक्त गरीब देशांना अडवायला आहेत’ हा युक्तिवादही पुरता टिकत नाही.

कीटकनाशकांचे अंश तर थंडीने हलतच नाहीत. २००२ मध्ये चीनच्या गोठवलेल्या पालकात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मर्यादेबाहेर सापडल्यावर जपान सरकारने आयातदारांना तो माल आणू नका असं सांगितलं. २००६ पासून जपानमध्ये, आणि २००८ पासून युरोपीय संघातही, ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. हिशेब करून बघा: २५ टनांच्या कंटेनरमध्ये सरासरी पाव ग्रॅम औषध म्हणजे मर्यादा गाठली. दहा शेतांतून गोळा केलेल्या ढिगावर कोणी, कधी, काय फवारलं याची नोंद कुठून आणणार? पडेल भावातला माल इथे दुसऱ्यांदा बाद होतो.

‘दोन वर्षं टिकतो, घाई नाही.’ नीट गोठवलेला माल टिकतो हे खरं. पण रोज वीज खाऊन टिकतो, आणि वीज गेली की डिझेल. शिवाय खरेदीदाराला शिल्लक मुदत भरपूर हवी असते.

‘दहापट भाव.’ मेसेजवाल्याने तुलना केली आहे ती शेतातल्या भावाची आणि परदेशी दुकानातल्या पाकिटाची. निर्यातदार बहुतेकदा विकतो ते मोठे खोके किंवा पोती; पाकीट, ब्रँड आणि त्यावरचा नफा पलीकडच्याचा. मटाराच्या शेंगा, मक्याची कणसं, फुलकोबीचे पाले-दांडे वजा केले की विकत घेतलेल्या वजनाचा मोठा भाग कचऱ्यात जातो. उतारा, म्हणजे शेवटी हाती किती माल उरतो हे, न काढता मांडलेला हिशेब कागदावरच फायद्यात असतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे. गोठवलेला माल बोटीने जातो, विमानाचं भाडं वाचतं. पण मग शहाणपण पीक निवडण्यात आहे. मटार श्रीमंत देशांत यंत्रानेच काढतात. अशा पिकात आपली मजुरी स्वस्त असून फारसा उपयोग नाही. जिथे तुरे हाताने कापावे लागतात, देठ हाताने खुडावे लागतात, तिथे ती उपयोगी पडते. आणि लाइन विकत घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या कारखान्यात जॉब वर्कवर, म्हणजे मोबदला देऊन, माल गोठवून घ्यावा, त्याचे नमुने प्रयोगशाळेत आणि खरेदीदाराकडे पाठवावेत. अहवालात काय येतं ते बघून मग बँकेची पायरी चढावी.